साळवेची रेघ

साळवे, तू गेलास आणि नाशकात कॅलमोड्युलिन या शब्दावरून भांडायला कुणी उरलं नाही. काल सकाळी गंगापूर रोडला फिरायला गेलो. बाकावर शेजारी एक निवृत्त बँकवाले बसले होते. त्यांना सहज म्हटलं, "आमच्या एका मित्रानं सशात प्रतिपिंड तयार केलं होतं." ते म्हणाले, "अरे वा, आयुर्वेदिक का?" तू असतास तर हसून हसून तुला ठसका लागला असता. मी नुसती मान हलवली आणि उठलो.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. जन्म, नोकरी, पश्चात पत्नी आणि एक मुलगा. त्यात चूक काहीच नाही. पण ज्या गोष्टीनं तुझं आयुष्य वाकलं ती त्या ओळींत नाही, आणि ती नेमकी समजणारा आता मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहितो आहे.

सत्तरच्या दशकात तू आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला लागलास. मी आधीपासून होतो. नाशिकरोडच्या वसाहतीतून सायकलवर यायचास, पँटच्या पायाला क्लिप. पहिल्याच आठवड्यात मला विचारलंस, "पाठक, या प्रयोगशाळेत मुलांना बेडूक फाडून दाखवण्यापलीकडे काही होतं का?" मी म्हटलं, "होतं ना. वार्षिक तपासणी होते." तेव्हापासून आपलं जमलं.

तुझ्या डोक्यात ते प्रथिन कुठून शिरलं ते मला कधी कळलं नाही. कुठल्या तरी मासिकात वाचलं असशील. पेशीला बाहेरून निरोप आला की आत कॅल्शियम वाढतं, ते कॅल्शियम कॅलमोड्युलिन पकडतं आणि पुढच्या प्रथिनांना कामाला लावतं. हे तू मला कॉलेजच्या कँटीनमध्ये बशीत चहा ओतून समजावलं होतंस. तुला एवढंच हवं होतं, की या प्रथिनाला नेमकं ओळखणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, आपल्याकडे असावं. म्हणजे ते पेशीत कुठं बसतं, कुणाशी बोलतं, हे शोधता येईल. पुण्यामुंबईचे लोक असली प्रतिपिंडं परदेशातून मागवत. तुला ते नाशकात करायचं होतं, आणि त्यावर पीएच.डी. करायची होती.

जुन्या नाशकातल्या खाटकाकडून तू बोकडाचा भेजा आणायचास. ती पहिली सकाळ मला लख्ख आठवते.

"पाठक, पिशवी धर."

"काय आहे?"

"भेजा. अजून गरम आहे."

"टेबलावर ठेव ना."

"मी काय शेपूची जुडी आणलीय? धर म्हणतो ना! जीवशास्त्र शिकवतोस आणि भेजा धरवत नाही. अरे, तुझ्याही डोक्यात हेच आहे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणालास, "असावं."

कॅलमोड्युलिन उकळलं तरी टिकतं, बाकीची बहुतेक प्रथिनं गोठून खाली बसतात. तू सगळं उकळायचास. वास कॉरिडॉरभर. विभागप्रमुख नाकाला रुमाल लावून आले, "साळवे, खानावळ काढली का इथं?" तू शांतपणे म्हणालास, "या सर, पान मांडतो."

खरी अडचण पुढं होती. हे प्रथिन बोकडात, सशात, माणसात जवळजवळ सारखंच. सशाला टोचलं तर सशाचं शरीर म्हणतं, हे तर आपलंच, आणि प्रतिपिंड करतच नाही. तू ते प्रथिन रसायनानं थोडं बिघडवलंस, तेलात घोटलंस आणि पुनःपुन्हा टोचत राहिलास. एकदा ससा पिंजऱ्यात ठेवताना म्हणालास, "बघ पाठक, शरीराला परकं वाटल्याशिवाय ते दखलच घेत नाही. आणि आपल्याकडे? परकं ठरवलं की मग दखल घ्यायची गरज नाही." तुझ्या असल्या बोलण्यावर मी नेहमीच काही बोलत नसे. ते मला समंजसपणाचं वाटायचं.

सशाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचं काम माझं, कानाच्या शिरेतून रक्त काढायचं तुझं. टोचायला सुरुवात करण्याआधी एकदा रक्त काढून ठेवायचं असतं. प्रतिपिंड नसलेलं ते रक्त, तुलनेसाठी. आपण त्याला पहिलं रक्त म्हणायचो. त्या दिवशी तुझा हात नवखा होता, शीर दोनदा निसटली, रक्तपेशी फुटल्या आणि रक्त गोठल्यावर वर आलेलं पाणी, म्हणजे सीरम, गुलाबीसर झालं. तू स्वतःवरच चिडला होतास. पुढं पुढं तुझा हात असा बसला, की ससा कान हलवायचा नाही. शेवटच्या रक्ताचं सीरम स्वच्छ पिवळं, पातळ मधासारखं निघालं. हे सगळं मी ससा मांडीवर धरून पाहिलं होतं. तरी नीट पाहिलं नव्हतं.

आणि मग ती प्लेट. आगराच्या, म्हणजे जेलीसारख्या, थरात मधे एक भोक, त्यात कॅलमोड्युलिन. एका बाजूच्या भोकात पहिलं रक्त, दुसऱ्या बाजूला शेवटचं. दोन दिवस ओलाव्यात ठेवायचं. प्रतिपिंड असेल तर दोघं जिथं भेटतात तिथं पांढरी रेघ उमटते. तू प्लेट खिडकीशी नेलीस, मागं काळा कागद धरलास आणि मला हाक मारलीस.

"मी काही सांगत नाही. तू बघ. काय दिसतं?"

"रेघ."

"कुठल्या बाजूला?"

"शेवटच्या रक्ताच्या."

"आणि पहिल्याच्या?"

"काही नाही रे."

तू स्टुलावर बसलास. शिपायाला चहा आणायला पाठवलंस आणि आलेला चहा तसाच थंड होऊ दिलास. तुझे डोळे भरले होते हे मी कुणाला सांगितलं नाही. तेवढं एक गुपित मी चांगल्या मनानं राखलं.

पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत तुला नाव नोंदवायचं होतं, तिथल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी अट घातली होती: आधी सीरम पाठवा, आमच्या पद्धतीनं तपासू. तेव्हा तुझा मुलगा तापानं फणफणला होता. मला नेमकं त्याच प्रयोगशाळेत मुलाखतीला जायचं होतं, दोन वर्षांच्या प्रतिनियुक्तीसाठी. तू म्हणालास, "मग तूच घेऊन जा. तुझ्याइतकं हे कुणाला माहीत आहे?"

थर्मासमध्ये बर्फ, बर्फात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन काचेच्या नळ्या. नळ्यांवर डिंकाचे कागद, त्यावर तुझ्या वळणदार अक्षरात शाईनं 'पहिलं' आणि 'शेवटचं'. स्टँडवर सोडायला आलास तेव्हा दोनदा बजावलंस, "पिशवीतून काढू नकोस हं. कागद भिजेल."

संगमनेरला बर्फ संपत आला. स्टँडबाहेरच्या रसवंतीतून नवा बर्फ घेतला, पण पिशवीमुळं तो बसेना. एसटीचा कंडक्टर घंटी मारत होता. मी पिशवी काढून टाकली आणि नळ्या सरळ बर्फात खोचल्या. मला वाटलं, पुण्यापर्यंत काय होतंय.

पुण्याला बेसिनपाशी थर्मास उघडला तेव्हा पाण्यावर कागदाचा लगदा तरंगत होता. शाई गेलेली. दोन बिनकागदाच्या नळ्या, एक किंचित गुलाबी, एक पिवळी. तासाभरात मुलाखत, आणि मुलाखत घेणारेच नळ्या मागणार. नाशिकला ट्रंक कॉल लावता आला असता. प्राचार्यांच्या खोलीत निरोप ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत तुझं उत्तर आलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं, की हा उमेदवार दोन नळ्या धड आणू शकत नाही.

मी अंदाज केला. शेवटच्या वेळी आपण जास्त रक्त काढलं होतं, म्हणजे घाईत काढलं असणार, पेशी फुटल्या असणार, म्हणजे गुलाबी नळी शेवटची. तुझा हात दरम्यान किती सुधारला होता, हे माझ्या मनातच आलं नाही. इतके महिने तुझ्यासमोर बसून तुला शिकताना पाहिलं, आणि वेळ आली तेव्हा तू मला पहिल्या दिवसाइतकाच कच्चा वाटलास. चूक शाईची नव्हती साळवे. चूक ही होती. मी दोन नवे कागद चिकटवले, माझ्या अक्षरात.

माझी मुलाखत चांगली झाली.

काही आठवड्यांनी पुण्याहून कळवलं गेलं, की सीरममध्ये कॅलमोड्युलिनविरुद्ध काहीही नाही. शेवटच्यातच काही नसल्यामुळं पहिल्या रक्ताची नळी त्यांनी तपासली नव्हती. तुमच्या प्लेटवरची रेघ बहुधा साध्या आगरामुळं आलेली असावी, असाही शेरा होता. तू ते वाचून माझ्यासमोर बसलास. चेहरा शांत होता.

"पाठक, नळ्यांवरचे कागद नीट होते ना?"

"हो."

"नक्की?"

"अरे हो म्हटलं ना."

बस, एवढंच. मोठं खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

तू मानायला तयार नव्हतास. "आगरामुळं रेघ आली म्हणतात. मग पहिल्या रक्ताकडे का नाही आली? आगर तर तोच ना?" हा तुझा मुद्दा होता, आणि त्याला उत्तर नव्हतं. तरी मी उत्तरं देत राहिलो. भोकं सारखी पडली नसतील. थेंब कमीजास्त झाला असेल. त्यांची किरणोत्सारी पद्धत आपल्यापेक्षा शंभरपट चांगली आहे. तू म्हणायचास, "तू स्वतः बघितलीस ना रेघ?" आणि मी म्हणायचो, "बघितली, पण आपल्याला बघायचीच होती ना ती." किती हुशारीचं वाक्य! त्या वाक्यानं तुला गप्प केलं.

पुण्यात त्यांनी लागेल तेवढं सीरम काढून घेतलं होतं; उरलेल्या नळ्या मी परत आणल्या होत्या, तुला न दाखवता. एका रविवारी दुपारी, तू इगतपुरीला सासरी गेला होतास तेव्हा, मी विभागाचं कुलूप उघडलं आणि प्लेट भरली. मंगळवारी तू तासावर असताना ती खिडकीशी धरली. 'पहिलं' असा माझा कागद लावलेल्या नळीकडे सरळ, पांढरी रेघ होती. मी प्लेट उकळत्या पाण्यात घातली आणि आगर विरघळेपर्यंत उभा राहिलो.

तेव्हा प्रतिनियुक्तीचा आदेश माझ्या खिशात होता. सांगितलं असतं तर तो गेला असता असंही नाही. कदाचित थोडं हसं झालं असतं, दोन दिवस लाज वाटली असती. मी स्वतःला सांगितलं, पुण्याला रुजू झालो की आतून काहीतरी करू. रुजू झालो. आतून काही केलं नाही.

तू पुण्याला पुन्हा लिहिलंस, मी स्वतः येऊन तपासून दाखवतो म्हणून. त्यांनी नकार दिला. स्टाफरूममध्ये एक वयस्कर गृहस्थ पान लावता लावता म्हणाले, "प्रत्येकालाच संशोधन जमतं असं नाही. काही गोष्टी घरातून यायला लागतात." सगळ्यांना अर्थ कळला. तुलाही कळला, तू वर्तमानपत्र उलटत होतास. मी सुटीवर आलो होतो आणि तिथंच बसलो होतो. ती चूक माझी म्हणून उघडकीला आली असती तर एका पाठकची चूक ठरली असती. तुझ्या अंगावर आली तेव्हा ती तुमच्या सगळ्यांची ठरवली गेली. आणि मी चहा पीत होतो.

पिंजरे हलवले गेले. सीरमच्या उरलेल्या नळ्या फ्रीज बिघडला तेव्हा फेकल्या गेल्या. तू पीएच.डी.चं नाव काढलं नाहीस. मी परत आलो, बढती मिळाली, तुझा प्रमुख झालो. तू मला "सर" म्हणायला लागलास, फक्त चारचौघांत, आणि तेही डोळा मारून.

सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला सांगू? दरवर्षी पदवीच्या मुलांना तू एक तास घ्यायचास, प्रयोगात स्वतःला कसं फसवू नये यावर. आपल्या दोन खोल्यांच्या मधे लाकडी फळ्यांची भिंत होती, सगळं ऐकू यायचं. "मी एकदा प्लेटवर रेघ बघितली होती," तू सांगायचास. "मला इतकी हवी होती ती, की मी बघितली. म्हणून पोरांनो, डोळ्यावर विश्वास ठेवू नका." मुलं हसायची. माझ्या तोंडचं ते हुशारीचं वाक्य तू स्वतःची शिकवण करून टाकलं होतंस. त्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षेत साधी स्लाइड असली तरी तू मला बोलवायचास, "जरा बघ रे, मला दिसतंय ते आहे ना?" ज्या माणसानं सगळ्यांच्या आधी खरं पाहिलं होतं, तो माझ्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायचा.

माझी बायको निर्मला गेली तेव्हा तू रोज संध्याकाळी यायचास. सांत्वन वगैरे तुला जमत नव्हतं. तू भांडी घासायचास आणि म्युनिसिपालटीला शिव्या द्यायचास. एकदा मी म्हटलं, "साळवे, मला तुला एक सांगायचं आहे." तू हातातली कढई न सोडता म्हणालास, "दुःखात माणसानं काही कबूल करू नये, नंतर पस्तावतो. भाजीत मीठ जास्त झालं होतं, एवढंच कबूल कर." मी हसलो, आणि हसण्यात सुटलो. तुझा त्यात दोष नाही. मला सुटायचंच होतं.

परवा तुझा जलदान विधी आणि पुण्यानुमोदन झालं. वसाहतीच्या विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धमूर्तीशेजारी तुझा फोटो, मेणबत्त्या. त्रिशरण पंचशील झालं. मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलू लागला. ही तुमच्याकडची पद्धत चांगली आहे, गेलेल्या माणसाबद्दल सर्वांसमोर उभं राहून बोलायचं. मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. संगमनेरचा बर्फ, गुलाबी नळी, रविवारची प्लेट, तो "हो".

मी खाली बसलो. मग पुढचा माणूस तुझ्या साधेपणाबद्दल बोलला. कार्यक्रम संपल्यावर लोक माझा हात धरून म्हणू लागले, "छान बोललात सर." एक तरुण म्हणाला, "स्वतःकडे कमीपणा घ्यायला मोठं मन लागतं." मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, मी कमीपणा घेत नाहीये, मी खरंच केलंय ते." तो आणखीच नम्र होऊन पाया पडला. त्या भरल्या विहारात मी काय केलं होतं ते नेमकं समजू शकणारा माणूस एकच होता, आणि तो फोटोत होता. इतकं एकटं मला निर्मलाच्या मागंही वाटलं नव्हतं.

मग वहिनींनी घरी बोलावलं. तुला माहीत आहे, त्या कमी बोलतात. पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"भाऊजी, त्या शास्त्रातलं मला काही कळलं नाही. एवढंच सांगा, यांना दिसलं होतं ते होतं का?"

"होतं, वहिनी."

"म्हणजे यांचं चुकलं नव्हतं."

"नाही. अजिबात नाही."

त्या बराच वेळ पदराच्या काठाला घडी घालत राहिल्या.

"तेव्हा ते रोज रात्री मला सांगायचे, सुमन, रेघ होती गं. मी कंटाळले. एक दिवस म्हटलं, पुण्याची माणसं एवढी शिकलेली, ती कशाला खोटं बोलतील? आणि पाठक भाऊजीही तेच म्हणतात. सोडा आता हट्ट. तर माझ्याकडे बघत राहिले. त्यानंतर घरात कॉलेजातलं काही बोलले नाहीत. कधीच नाही."

"वहिनी, तुम्हाला काय माहीत असणार? चूक माझी."

"तुमची तुम्ही सांगितली ना सगळ्यांना. माझी मी कुणाला सांगू?"

साळवे, मला वाटत होतं मी तुझी पीएच.डी. घेतली, तुझा डोळ्यांवरचा विश्वास घेतला. तुझ्या घरातलं बोलणंसुद्धा मी घेतलं, हे मला परवा कळलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या उठल्या होत्या. विहारातून आणलेला तुझा फोटो अजून टीपॉयवरच होता, भिंतीवर लावायचा राहिलेला. त्याच्यासमोर त्या उभ्या राहिल्या. मी खोलीत आहे हे विसरल्यासारख्या, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमचं बरोबर होतं हो."

आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.